एकास बारा

पुराची रेघ बाबालाल जमादारांच्या भिंतीवर अजून आहे,
खिळ्याला टांगलेल्या घड्याळाच्या चार बोटं वर.
टेप लावला. सात फूट दोन इंच.
"घड्याळ पाण्यात बी चालत हुतं," ते म्हणाले,
"बंद पडलो त्यो मी."

म्हणून नवी इमारत आठ फूट उंचावर.
असं फाइलीत आहे, सहीशिक्क्यासकट.
आणि त्याच फाइलीत मागे टाचलेली यादी:
साठीपुढचे बेचाळीस रहिवासी,
म्हणजे चौऱ्याऐंशी गुडघे.
नाही, त्र्याऐंशी.
तानुबाईंचा एक साखरेनं नेला.

पंचगंगा म्हणते वर बांध.
गुडघे म्हणतात खाली.
मी दोघांच्या मध्ये पेन्सिल धरून बसले आहे,
महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथली लिफ्ट गणपतीपासून बंद आहे.

"लिफ्टच टाका की," साहेब म्हणाले.
पूर आला की आधी लाइट जाते, साहेब.
ते खिडकीबाहेर बघत राहिले.

मग रॅम्प. नियम सोपा आहे, एकास बारा:
एक फूट चढायला बारा फूट चाल.
आठ फुटांना शहाण्णव.
कागदावर रेघ ओढत गेले, ओढत गेले,
ती प्लॉटच्या कुंपणाला जाऊन धडकली.
तिथून वळवली.

हिंदुराव चौगुले एके काळी
पहाटे हजार बैठका मारायचे.
"आता एकच मारतो, संडासात.
आन् उठाय नातवाला हाक."
हसले, मग हसायचे थांबले.
मी त्यांना डोळे मिटून उठायला सांगितलं
आणि हात आपसूक भिंतीला जिथं लागला
तिथं खडूनं खूण केली.
पुस्तकातल्या उंचीपेक्षा तीन इंच खाली.
दांडा तिथंच बसेल.

बाबालालभाईंची नजर फौंड्रीच्या रसानं खाल्ली.
त्यांना बटणं कोपराच्या उंचीवर हवीत
आणि उंबरा नको.
"उंबरा न्हाई तर घर कुटं सुरू झालं ते कसं कळणार?"
शेवंताक्का मधेच.
बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं:
दाराशी फरशी वेगळी, खरबरीत.
पायाला कळेल, ठेच लागणार नाही.

शेवंताक्कांना खुर्ची नको.
चाळीस वर्षं जमिनीवर बसून वेण्या घातल्या, चपलांच्या.
"पर खाली बसलो की उठाय घटकाभर लागतंय."
दीड फुटाचा ओटा काढला, खिडकीखाली,
हत्यारं हाताशी राहतील असा.
मंजूर नमुन्यात ओटा नाही.
मी त्याला 'साठवणुकीची जागा' असं नाव दिलं आहे.

रॅम्पला दर तीस फुटांवर सपाट जागा लागते, दम घ्यायला.
हिंदुराव म्हणाले, "तितं कट्टा बांध.
दमाचं सोड. माणूस भेटलं
तर उभ्या उभ्या काय बोलायचं?"
मग कट्टे. तीन.
शहाण्णवाचे झाले एकशे चौदा.

आज नकाशा घेऊन गेले होते.
शेवंताक्कांनी तो उलटा धरला,
तरी बोट बरोबर तिथंच ठेवलं.
"हितं खोल्या हुत्या न्हवं?"
होत्या. दोन. रॅम्पमध्ये गेल्या.
"कुणाच्या?"

यादीत बेचाळीस नावं, आता चाळीस घरं.
मी म्हणाले पुढच्या टप्प्यात, म्हणाले निधी,
म्हणाले प्रस्ताव पाठवलाय.
टेपचं पातं हातातून सुटलं
आणि सर्रकन आत गेलं.

त्या आरी ओल्या कातड्यात खुपसून गप्प राहिल्या.
मग म्हणाल्या,
"शेवटच्या दोघांस्नी सांगाय तूच जा. फोन नगं.
आन् जातीस तर
त्यांच्या दाराला पायऱ्या किती हाईत
तेवढ्या मोजून ये."