कसरा न लागणारं नाव

शुब्राखीतच्या शाळेत, निचऱ्याच्या नाल्याकडच्या खिडकीपाशी
उस्ताद शवादफी फळ्यावर तीन अक्षरं काढत:
साद, रा, फा.
खडू करकरला की थांबत. ऐका,
हा आवाजही यातलाच: सरीफ.
लेखणीची, रहाटाची,
दात खाणाऱ्या उंटाची करकर.

आम्ही खिदळायचो. आमच्यासाठी मसरफ म्हणजे तो नाला,
भातखाचरांतलं खारट पाणी, फुगलेलं एखादं बदक,
सगळं उत्तरेला, समुद्राकडे फिरवलेलं.
मुळात तेवढंच आहे, उस्ताद म्हणत, फिरवणं.
देव वारे फिरवतो. माणूस नजर फिरवतो.
एक नाणं फिरून दुसऱ्या देशाचं होतं.
आणि ज्यात काहीच मिसळलं नाही ते सिर्फ,
पाणी न घातलेल्या मद्यासारखं...
इथे ते जीभ चावत
आणि मुख्याध्यापकांच्या दाराकडे बघत.

माझा बाप सर्राफ. गावाचा सारा गोळा करणारा.
त्याच्या बोटांना तांब्याचा वास,
जेवतानाही अंगठा तर्जनीवर घासायचा, मोजल्यासारखा.
कापूस वेचणीच्या दिवसांत पेटीत
एकशे चाळीस गिनी कमी भरल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटेबरोबर हाळी आली: इन्सराफ!
म्हणजे सुटलं, पांगा, घरी जा.
मी घरी गेलो.
बापाने तोच शब्द माझ्याआधी पाळला होता.
खुंटीवर त्याची टोपी होती, पायताण नव्हतं.

गावाकडे याच मुळाचा आणखी एक शब्द होता, तसर्रुफ:
वागणूक. विल्हेवाट. दोन्ही.
सुईण म्हणाली, काय हे तसर्रुफ.
चौकशीला आलेल्या साहेबानेही तेच लिहून घेतलं.
कुणी कुठला अर्थ घेतला, विचारायचं माझं वय नव्हतं.

आई शाळेत झाडू मारायला लागली.
त्यावर आमचा मसरूफ, घरखर्च, कसाबसा निघे.
वर्गाच्या मागे तिची केरसुणी चालायची
आणि पुढे उस्ताद सांगत होते,
काही नावं सर्फला मनाई केलेली असतात.
बायकांची नावं. परमुलखातून आलेली नावं.
शेवटाला नून वाजत नाही त्यांच्या,
आणि जिथे बाकीचे शब्द कसरा घेऊन खाली मोडतात
तिथे ही मोडत नाहीत. वर फतहा घेतात, एवढीशी रेघ.
मात्र कुणाच्या नावाला जोडली,
आमची, तुमची, अमक्याची झाली,
की मग मोडतात.

केरसुणी थांबली होती. मी वळून पाहिलं नाही.

त्या गुरुवारी मामा मुतवल्ली आला, गाढवावर दोन रिकामी पोती घालून.
आमची रईफा आता आमच्याकडे राहील, म्हणाला,
भांडी भर.
आई तांदूळ निवडत होती. एक खडा काढला, दुसरा काढला.
चहा घेऊन जा, म्हणाली.
पोती रिकामीच परत गेली. गाढव तेवढं खूश.

हे सगळं आज आठवायचं कारण पोस्टातली रांग.
दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शनची सर्फ.
आई एक्क्याऐंशीची, खिडकीच्या गजाला धरून उभी.
आतला पोरगा म्हणाला, आज सर्फ बंद, यंत्र बिघडलंय.
ती हलली नाही. त्याने नजर फिरवली.
ती तरी हलली नाही.
अर्ध्या तासाने यंत्र सुधारलं, किंवा पोरगा.

पावती माझ्या हातात दिली, अंगठा उठवायच्या आधी.
अदा करावे: रईफाला.
छपाईत वर खाली काहीच नव्हतं, नाव उघडंबोडकं.
मी खिशातलं पेन काढलं
आणि शेवटच्या अक्षरावर एक तिरकी रेघ ओढली.
कागद जाड. पेन करकरलं.

काय केलंस रे?
तिला वाचता येत नाही, पण ऐकू चांगलं येतं.

काही नाही, म्हटलं. माशी बसली होती.