कार्योत्तर मंजुरी

पोर्ट ट्रस्टच्या हिशेब तपासणीत माझी एकतीस वर्षं गेली.
तिथे आधी खर्च होतो, मग कागद येतो.
क्रेन घेतलेली असते, गंजलेलीही असते,
आणि फाइलवर कुणीतरी लिहितं :
कार्योत्तर मंजुरीसाठी सादर.

आबांनीही एकदा तसंच सादर केलं,
माझगावच्या खोलीत, पेज निववता निववता :
"ते बरोबर होतं ना गं, आम्ही केलं ते?"
बेचाळीस वर्षांनी.
टीव्हीवर बगदाद हिरवं हिरवं दिसत होतं,
"यांनाही छत्तीस तास पुरतील बघ," म्हणाले होते,
आणि मग चमचा थांबला.

सोनू धोंडू आंब्रे, तोफेवर गोळे भरणारा.
डिसेंबर एकसष्ट.
मुरगावचं बंदर त्यांनी पाहिलंच नाही.
बंदर म्हणजे एक आकडा,
कानाला फोन लावलेल्या माणसाने ओरडलेला.
इतके यार्ड. भर.
इतके यार्ड. भर.
परतले तेव्हा डावा कान गेला होता
आणि लायन गेटबाहेरच्या इराण्याने
चहाचे पैसे घेतले नाहीत.
कानाची गोष्ट त्यांनी क्वचित सांगितली,
चहाची कायम.

मी म्हटलं, हो आबा, बरोबरच होतं.
पण तोंडी मंजुरी आमच्याकडे धरत नाहीत.

म्हणून बसले मांडत.
चारशे एकावन्न वर्षांची थकबाकी.
चौदा वर्षांचे अर्ज, विनंत्या, नि:शस्त्र माणसांवर झाडलेल्या गोळ्या.
सगळं एका बाजूला, जड, पावत्यांसकट.
मग तो आमचा नेहमीचा रकाना :
अन्य पर्याय तपासले होते काय?
त्यात नेहमीचं उत्तर :
होय, व्यवहार्य नव्हते.
कागद जोडलेला नाही.
कधीच जोडलेला नसतो.

कावेलच्या गल्लीत पियेदाद राहायची,
कुडीतल्या खलाशांचे डबे करायची.
तिचा मावसभाऊ कुस्तोद मडगावात एक घोषणा देऊन
आग्वादच्या तुरुंगात गेला,
आला तो दोन्ही हातांनी पेला धरायला शिकून.
तिचा नवरा लियांद्र, तारखात्यातला कारकून,
दोन आठवड्यांसाठी म्हणून लिस्बनला गेला.
तीन पत्रं. मग नाताळचं कार्ड. मग तेही नाही.
हे दोन्ही ती एकाच दमात सांगे, सोडे निवडत,
मध्ये "पण" न घालता.
मला ते जमलं नाही.
मी "पण" इकडे घालून बघितला, तिकडे घालून बघितला.

एकदा विचारलं तिने, रागाने नाही,
पत्ता विचारावा तसं :
"तुज्या पायचो गोळो खंय पडलो गे?"
मी घरी येऊन आबांना विचारलं, उजव्या कानात.
"आम्हाला पडलेला दिसत नसे," म्हणाले.
थोड्या वेळाने, "धूर दिसायचा. धूर लांबून सारखाच."

बगदादच्या रात्री मात्र एक गोष्ट मी ठामपणे सांगितली होती :
एकसष्टच्या पावतीवर
दोन हजार तीनचं बिल पास होत नाही, आबा.
त्यांनी टीव्ही बंद केला,
की बटण चुकून दाबलं गेलं,
कोण जाणे.

आबा गेले. फाइल माझ्याकडेच राहिली.
निवृत्तीच्या आदल्या वर्षी
पियेदादचा नातू एल्रॉय ऑफिसात आला,
आजीच्या जन्मनोंदीच्या चार झेरॉक्स घेऊन.
पोर्तुगीज पासपोर्टसाठी लागतात म्हणाला,
तिथून पुढे लंडनला, विमानतळावर काम आहे.
वाकड्या शाईत लिहिलेलं होतं गाव,
वर त्या राज्याचा शिक्का,
मुकुट नसलेला, बोटाने पुसला तर पुसेल इतका फिका.

मूळ कागद उजेडात धरून पाहिला.
चारही प्रतींवर माझा शिक्का मारला :
मुळाबरहुकूम खरी प्रत.
खाली सही केली, आडनावासकट.

एल्रॉयने आडनाव वाचलं.
"आंब्रे म्हणजे ते नेव्हीवाले?"
हो म्हटलं.
"नाना सांगायची," म्हणाला,
आणि शाई वाळावी म्हणून
चारही कागद पंख्याखाली
हलवत उभा राहिला.