पाटीची पाठ

समाजमंदिराच्या मागच्या खोलीत
सतरा खुर्च्या, त्यातल्या तीन बिनहाताच्या,
खिळ्याला टांगलेला एक राऊटर,
आणि वही माझ्याकडे,
कारण माझं अक्षर बरं आहे म्हणाले.
चिचटोल्यात अक्षर बरं असलं
की गळ्यात असं काहीतरी पडतंच.

इंटरनेटचे पाचशे नव्वद.
विजेचे कधी दोनशे दहा, कधी तीनशेच्या वर;
मे महिन्यात पंखा बंद करा म्हणायला
जीभ रेटत नाही.
झाडू, चाळीस.
उंदरानं वायर खाल्ली, एकशे साठ.
"त्याचं नाव टाक ना वर्गणीत," ममता उके म्हणाली.
टाकलं.
त्याची बाकी अजून तशीच आहे.

माणशी पन्नास ठरले होते.
ठरले त्या दिवशी सगळे हसत होते.
कापगत्यांचा चेतन एक तारखेला देतो,
दुधाच्या हिशेबातली चिल्लर, बोटांना वास राहतो.
हिरामणनं पैशाऐवजी पायलीभर तांदूळ आणले.
मी लिहिलं "तांदूळ",
आणि पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
कंपनी तांदूळ घेत नाही.
आईनं घेतले, खीर केली,
खोलीत आणून वाटली.
म्हणजे जमा की खर्च,
ते अजून ठरलेलं नाही.

विशाखा खोब्रागडे पोलिसात लागली, गडचिरोलीला गेली.
तिची खुर्ची आता दुसऱ्याची आहे,
तरी तिचे पन्नास येतात, न मागता.
समोर बसलेल्यांना मात्र
मला विचारावं लागतं,
आणि विचारताना मीच खाली बघते.

जानेवारीत तेवीस तारखेला नेट गेलं.
राऊटरवर लाल दिवा.
वाटलं, आता उठतील, जातील धानाच्या गंजीकडे शेकायला.
कोणी उठलं नाही.
चेतनच्या फोनमध्ये एक जुनी प्रश्नपत्रिका उतरवलेली होती,
तो मोठ्यानं वाचत गेला,
चुकलं की बाकीचे ओरडत.
रात्री साडेअकराला समाजमंदिरातला म्हातारा
घोंगडी घेऊन दारात आला,
"कोणाचं लगीन आहे का बाप्पा?"

मग लांजेवार कृषी केंद्राचा निरोप आला:
खिडकीत माझी पाटी लावा,
महिन्याला चारशे देतो.
भांडण झालं.
"आपण अभ्यास करून राह्यलो का औषध इकून राह्यलो?"
"आज पाटी, उद्या म्हणंल मत द्या."
"मंग तू दे चारशे."
यावर बराच वेळ फक्त पंखा बोलला.
हिरामण म्हणाला, "खिडकीले पल्ला तं नाईच.
पाटीनं हवा तरी अडंल."
तेच पटलं.

तर आता बाहेरून
हिरवी बाटली आणि एक हसणारा शेतकरी.
इतकं हसणारं या गावात
कोणाच्या नात्यातलं नाही.
आतून मात्र कोरा पत्रा,
पाटीची पाठ, आमच्या बाजूला.
तिच्यावर मी खडूनं हिशेब लिहिते.
दुपारी ऊन पलीकडून येतं,
पत्रा तापतो, आकडे हाताला गरम लागतात.

जमा सहाशे सत्तर, लांजेवार धरून.
खर्च आठशे दहा.
फरकाच्या जागी मी लिहिते "इतर, एकशे चाळीस",
आणि खडू खाली ठेवते.
एका ब्लाउजची शिलाई एकशे वीस पडते.
वीस तसेच निघतात कुठून तरी.

काल आले तर "इतर"भोवती गोल केलेला,
शेजारी कोणाच्या तरी तिरक्या अक्षरात:
इतर म्हणजे कोण?
आणि त्याखाली, दुसऱ्याच कोणाच्या:
उंदीर.

सगळे पुस्तकात डोकं घालून बसले होते,
फारच खोल.
मी माझ्या खुर्चीवर बसले, बिनहाताच्या.
नवा महिना लिहायला जागा हवी होती,
तेवढी बाजूला केली.
ते पुसलं नाही.