वडिलांचं नाक

माझे वडील शिपाई होते,
कोर्ट नाक्याजवळच्या कचेरीत, एकतीस वर्षं.
पण नाक सरळ, कपाळ रुंद,
चाळिशीतच केस रुपेरी, तेही मागे वळलेले,
आणि डोळे घारे. कुठून आले ते आजीलाच ठाऊक,
विचारलं की ती चुलीत फुंकर मारायची.

मुरबाड-शहापूरहून पहाटेच्या एसटीनं निघालेली माणसं
जिना चढून थेट त्यांच्या पाया पडायची.
"साहेब आत आहेत," वडील पाय मागे घेत सांगायचे.
माणसं आत डोकवायची.
आत वायंगणकर साहेब, पाच फुटांना इंचभर कमी,
गालांवर देवीचे व्रण, खुर्चीत उशी घेऊन बसलेले.
त्यांना माणसं म्हणायची,
"साहेब आले की हाक मारा हं. आणि घोटभर पाणी मिळंल का?"

असं किती वेळा झालं असेल.
वायंगणकरांनी आधी दारावरची पाटी मोठी केली,
मग आवाज,
मग टेबलावर पितळी घंटी आणली
आणि कारण असो-नसो, वाजवत राहिले.
फाइल तोंडावर फेकणारा साहेब म्हणून जिल्ह्यात नाव झालं.
घरी म्हणे गुलाबाची कलमं करायचे,
काटे न तोडता.

वडिलांच्या हातात मात्र कुणी कधी दहाची नोट कोंबली नाही.
धीरच व्हायचा नाही कुणाचा.
अशा चेहऱ्याला चहापाणी विचारायचं कसं?
बाकीचे शिपाई संध्याकाळी खिसे चाचपत निघायचे,
वडील कळव्याच्या पुलावरून चालत घरी यायचे,
खाडीचा वारा रिकाम्या खिशात भरून,
आणि हळूहळू त्यांना स्वतःलाच वाटू लागलं
की आपण न घेणारे आहोत.
मग ते खरंच तसे झाले.
निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ,
भाषणात 'सचोटी' चार वेळा.
मागच्या रांगेतून आई पुटपुटली,
"नाकाला द्या तो नारळ."

एकाच ठिकाणी ते नाक चाललं नाही.
नौपाड्यात भाड्याची जागा बघायला गेलो होतो.
घरमालकांनी पन्हं दिलं, पंखा वाढवला,
"बसा हो, आपलेच दिसता."
मग आडनाव विचारलं.
वडिलांनी सांगितलं, तेवढ्याच सरळ नाकानं.
माझा पेला अजून अर्धा भरलेला होता.
जागा, असं कळलं, कालच गेली.

मी आईवर गेले.
बुटकी, काळी, दात थोडे पुढे.
मुलाखतीला गेले तेव्हा दारातल्या बाईंनी मायेनं सांगितलं,
"टायपिस्टच्या मुली खालच्या मजल्यावर गं."
आता त्याच कचेरीत, त्याच जिन्यानं वर, माझी केबिन आहे.
पाटी मी आल्या आल्या मोठी करून घेतली.
रंग उडाला होता म्हणून, असं तेव्हा म्हटलं होतं.

परवा वडील माझा विसरलेला डबा घेऊन आले.
सत्त्याहत्तर वर्षं, काठी, पांढरा कडक शर्ट.
समोरच्या खुर्चीत पेपर चाळत बसले होते,
तेवढ्यात एक ठेकेदार आत आला,
त्यांच्यासमोर कमरेत वाकला, फाइल पुढे धरली
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"ताई, साहेबांना जरा पाणी."

वडील उठले. सवय गुडघ्यांत असते.
जग घेतला, ग्लास भरला, खाली बशी ठेवली
आणि डाव्या बाजूनं येऊन माझ्यापुढे ठेवला,
"मॅडम."

ठेकेदाराचं तोंड बघण्यासारखं झालं असणार.
मी बघितलं नाही.
माझा हात केव्हाच घंटीवर जाऊन बसला होता.
जुनीच आहे, पितळी, वायंगणकरांच्या वेळची,
वरचं बटण झिजून पसरट झालेलं.
माझ्या आखूड बोटाला
ते अगदी नेमकं बसतं.