बावीस नंबरचा गळ

स्कॉटलंडहून डबी आली तेव्हा
तपकीर गल्लीतल्या माझ्या दुकानात
सहा घड्याळं सहा वेळा सांगत होती.
डबीत चाळीस माश्या, पिसांच्या, रेशमाच्या,
ट्राउटसाठी बांधलेल्या.
ट्राउट इथं नाही. माहीत होतं.
पण भिंग डोळ्याला लावून
गळाच्या कण्यावरचे दोऱ्याचे वेढे मोजताना वाटलं,
घड्याळजीला याहून सुंदर काही
कुणी दुरुस्तीला आणलेलं नाही.

रविवारी पहिली एसटी.
वरसगाव धरणाच्या पार मागं,
जिथं मोसे अजून नदी आहे.
कार्तिकातलं ऊन, अळकूट उसळत होते,
पाऊस खालून वर पडावा तशी वर्तुळं.
मी एकेक माशी सोडली. चाळीसही.
मासे जवळ यायचे, नीट निरखायचे,
आणि मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखे
पोहे न खाता उठून जायचे.

खालच्या धोंडीवर गवरा कोकरे
टोप घासत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे.
‘काय सोडताय वो?’
‘माशी.’
‘कुठली?’
मी डबीवरचं नाव वाचून दाखवलं.
ती हसली नाही. पाण्यात उतरली,
एक दगड उलथा केला.
त्याच्या पोटाला बिलगलेले तीन शेपट्यांचे जीव,
उजेड लागताच कडेनं सरकणारे.
‘दिस कलला की ह्यांना पंख फुटत्यात.
रातीत मरत्यात. तोंडच नसतं, खायचं कशानं?
मासं हे खात्यात.
तुमचं ते फूल कोण खाईल?’

त्या आठवड्यात कुणाचंच घड्याळ वेळेवर दिलं नाही.
शिवाजी मार्केटातून कोंबड्याची नुसती मान मागितली,
खाटीक म्हणाला, ‘आणि बाकीचा?’
मोटार भरणाऱ्या शेजाऱ्याकडून
केसाएवढी तांब्याची तार.
सगळं जमलं, रंग जमेना.
मग तिचा हात आठवला, दगड धरलेला,
नखांत चुलीची राख.
तो रंग. बहिणीच्या विटलेल्या इरकलीत सापडला,
काठाच्या आतल्या बाजूला.

अळकुटानं घेतली.
पहिल्या फेकीला नाही, सतराव्या.
बोटभर मासा, तळहातावर चांदीच्या काट्यासारखा थरथरला.
हात ओला करून सोडून दिला.
गवरा तेव्हा तिथं नव्हती, याचं वाईट वाटलं.

आता माझ्या डबीत इंग्रजी नावं नाहीत.
मोसे, कार्तिक, ऊन कलताना.
आंबी, माघ, ढग असतील तर.
एका खान्यात सतरा तारखा आहेत आणि माशी एकच,
कारण ती कुणी घेतलीच नाही
आणि मला अजून कळलेलं नाही का.

आणि शेवटचा खाना:
मुठा, भिडे पूल, दिवे लागल्यावर.

तिथंही उठतात माश्या.
खांबाखांबाभोवती भोवऱ्यासारख्या,
स्कूटरवाल्या ओढणी तोंडावर घेतात,
कुणी महापालिकेला फोन लावतं.
चावत नाहीत त्या. मी टोपीत धरून घरी नेल्या,
दुसऱ्या दिवशी काठावर जाऊन त्यांचं बाळपणही पाहिलं,
काळ्या गाळात, जिथं श्वास पुरत नाही
म्हणून अंगभर रक्त साठवून
लालभडक झालेली अळी.
तेवढा लाल बाजारात मिळेना.
मनगटावरचा देवळातला दोरा सोडवला,
पिळातला एक पदर काढला,
बावीस नंबरच्या गळावर बांधला,
सेकंदकाट्याच्या टोकाएवढ्या.
आयुष्यात इतकं हुबेहूब काही केलं नव्हतं.

पहाटे पुलावर गेलो.
दूधवाल्यानं सायकल थांबवली.
‘काका, काय पडलं पाण्यात?’
‘काही नाही,’ म्हटलं, ‘अजून.’
थर्माकोलचा तुकडा गेला, निर्माल्याची पिशवी गेली,
त्यांच्यामधून माझी अळी सावकाश.
मग खांबापाशी एक वर्तुळ उठलं.
गाळातला वायू असेल.
दूधवाला किटल्या सावरून तिथंच उभा,
मी दोरा बोटावर धरून.
भिंग दुकानात राहिलं होतं.