लांबचा रस्ता

अकरा वर्षं मी चर्चमधून घरी लांबच्या रस्त्यानं जातो.
सोलापूर बाजार, मग घोरपडीचं फाटक,
मालगाडी लागली तर पंधरा मिनिटं उभा.
सुवार्ता पूर्वी विचारायची, आता ताट झाकून ठेवते.

जवळचा रस्ता रेसकोर्सच्या कुंपणालगत जातो.

मी शिंपी. मोजमापाचा माणूस.
नजरेनं छाती, कंबर, बाही सांगतो;
पण त्या कुंपणापलीकडं
पुरे म्हणजे किती, ते मला कधी कळलं नाही.
निस्सीच्या नर्सिंगची फी होती, बारा हजार.
चार रेसमध्ये गेली.
घरी आलो तर सुवार्तानं वरण-भात वाढला,
वर लिंबू पिळलं.
तिनं शिवी दिली असती
तर कदाचित मी पुन्हा गेलो असतो.

पाळकसाहेब उबाळे दर लेंटला अरण्य सांगतात:
चाळीस दिवसांची भूक, धोंडे,
सगळ्या जगाची राज्यं.
मागच्या बाकावर बसून मी मान डोलावतो.
मला राज्यं कुणी दाखवली नाहीत.
माझ्याकडं बबन सपकाळ आला,
तोंडात बडीशेप,
उंबऱ्याबाहेर चपला काढून, कारण बबन सभ्य आहे.
"शलमोनभाऊ, रविवारी. चौथी रेस. सात नंबर."
एवढंच.
मी कात्री चालवत राहिलो
आणि पाळकसाहेबांच्याच नव्या झग्याची
डावी बाही दीड इंच आखूड कापली.

मग आठवडाभर सात.
गिऱ्हाइकाच्या कोटाला बटणं सात.
गीतांच्या फळीवर सत्याहत्तर.
गुडघे टेकले तर तिथंही,
क्षमेचा हिशेबसुद्धा शेवटी सातावरच येतो.

आज कापणीचा सण. लिलाव लांबला.
एक भोपळा सव्वातीनशेला माझ्या गळ्यात पडला,
खिशात पाचशेची एक नोट उरली,
आणि पाय जवळच्या रस्त्याला लागले.
फक्त बघायचं, मी म्हणालो.
हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे.
ते माझ्याच आवाजात बोलतं.

कुंपणाशी उभा राहिलो, भोपळा दोन्ही हातांत.
आत एक पोरगा घोडा फिरवत होता,
घोड्याच्या खांद्यालाही लागत नव्हता.
घोडा अडला. मान झटकली. तोंडाला फेस.
मला वाटलं, आता हा ओढणार.
त्यानं ओढलं नाही.
नुसतं सोडलं नाही.
हात घोड्याच्या मानेबरोबर पुढंमागं,
तोंडानं काहीतरी पुटपुटणं.
घोडा शांत झाला असं नाही,
पण त्यानं एक पाऊल टाकलं.
मग त्याच्यापुढचं.

अकरा वर्षं मी ओढत होतो.

फाटक चाळीस पावलांवर.
नोट काढायची तर भोपळा खाली ठेवायला हवा होता,
इतकीच माझी तटबंदी.
बापा, मी म्हणालो, हे एक पाऊल.
पुढचं मागायला पुन्हा येईन.
आणि आलो, दर पावलाला,
भैरोबा नाल्यापर्यंत, भिकाऱ्यासारखा.
मागं गॅलरी गर्जली तेव्हा
मान वळली. पाय वळले नाहीत.

"आज फाटक लागलं नाही वाटतं?"
"जवळच्या रस्त्यानं आलो."
विळीवरचा तिचा हात थांबला.
मी नोट मिठाच्या बरणीखाली ठेवली.
तिनं ती बघितली, बरणी नीट सरकवली,
आणि भोपळ्याचा दुसरा काप काढला.

संध्याकाळी बबनचा फोन. सात आला.
एकाला नऊ.
साडेचार हजार. हिशेब मी केला,
खोटं कशाला बोलू, दोनदा केला.
पोटात काहीतरी टाप आपटून गेलं.

सुवार्ता बिया धुऊन ताटात पसरत होती,
वाळवायला.
मी दिवा ओढून बसलो.
झग्याच्या बाहीला दीड इंचाची पट्टी जोडायची आहे;
जोड दिसेल.
बुधवारी बबन येईल, चपला काढून.