म्हणे

अंदावायलासच्या कोर्टात मी दुभाषी आहे.
कानानं केचुआ घेते, तोंडानं स्पॅनिश देते,
मधल्या मधे काय सांडतं
ते कुणी मोजत नाही.

सातुर्निना काहुआना पहाटे तीनला घरून निघालेली.
घोट्यापर्यंत चिखल, पाठीवरच्या गाठोड्यात
उकडलेले बटाटे आणि तारखेचा कागद,
घड्या पडून पडून फडक्यासारखा मऊ झालेला.
ही चौथी तारीख.
पहिलीला दुभाषी नव्हता.
दुसरीला होता, तो तिच्या नवऱ्याचा मावसभाऊ निघाला.
तिसरीला संप.

आज मी होते. आणि पडदा होता.
दोन वर्षं अर्ज करून मिळवलेलं हिरवं कापड,
वर दोन खिळे.
खालून त्याचे बूट दिसत होते.
ती बोलायची ते बुटांशीच.
मी माझी खुर्ची मधे सरकवली.
हे माझ्या कामात बसत नाही.

आमच्या भाषेत शपथेला वेगळं पुस्तक लागत नाही,
ती शब्दाच्या टोकालाच चिकटलेली असते.
स्वतः पाहिलं, सोसलं, त्याला 'मि'.
दुसऱ्याकडून कळलं, त्याला 'सि',
म्हणजे 'म्हणे'.

ती म्हणाली, नवऱ्यानंच मारलं. मि.
फावड्याचा दांडा होता. मि.
दाराला कडी त्यानंच घातली. मि.
डावा कान. मि.
मग थांबली. मांडीवरची टोपी
काठाकाठानं फिरवत राहिली.
ओढ्यापर्यंत फरफटत नेलं म्हणे.
पाण्यात लोटलं म्हणे.
फोर्तुनाता कंदील घेऊन आली म्हणे, म्हणून तो पळाला.

वकील उठला.
'ऐकलंत ना? ही स्वतःच सांगतेय, ऐकीव आहे.'
त्याला केचुआ येतं.
त्याची आई बाजारात चीज विकते,
मी तिच्याशी रोज घासाघीस करते.

दुभाष्यानं मत द्यायचं नसतं.
मी हात वर केला, शाळेत करतात तसा.
न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला.
'बोला.'

बाई, शुद्ध गेल्यावरचं तिनं 'मि' लावून सांगितलं असतं
तर ते खोटं झालं असतं.
कुठपर्यंत जागी होती ते तिनं बोटभरही सरकवलेलं नाही.
पहिला 'म्हणे' जिथं येतो
त्याच्या लगेच आधी दांडा कानावर बसलाय.
तेवढं टिपून घ्या.

टंकलेखन करणारी मुलगी म्हणाली,
हे स्पॅनिशमध्ये कसं लिहू?
पंखा फिरत होता. वकिलानं पेनाचं टोपण उघडलं, लावलं.
'केचुआतच लिही,' बाई म्हणाल्या, 'शब्द न् शब्द.
अर्थ खाली.'
मुलीला लिपी येत होती, भाषा नाही.
सातुर्निनाला भाषा येत होती, लिपी नाही.
मी अक्षर अक्षर सांगत गेले.
पाऊण तास लागला.

फोर्तुनाताला समन्स निघालं.
हिच्या तोंडचा 'म्हणे'
तिच्या तोंडी 'मि' होईल.
अकरा आठवड्यांनी,
ती आली तर,
तिला कुणी येऊ दिलं तर.

बाहेर पायरीवर बसलो.
प्रवासखर्चाचा अर्ज भरून दिला, पैसे मागाहून येतात.
तिनं उजवा कान माझ्याकडे केला.
'शेवटी त्या बाई काय म्हणाल्या?'

न्याय मिळेल, असं म्हणाल्या होत्या.
स्पॅनिशमध्ये ते सोपं आहे, तीन शब्द.
हिला सांगायचं तर टोकाला काय लावू?
'मि' लावायला मी तो पाहिलेला नाही.
'सि' लावला तर ही उठून जाईल, पुन्हा यायची नाही.
तिसरं एक टोक आहे आमच्यात, 'चा'.
असेल, बहुतेक, मला वाटतं.
तेच लावलं.

ती काही बोलली नाही.
एक बटाटा सोलला, अर्धा मला दिला.
गाडी सहाला होती.